भाचीबरोबर पुस्तकांत रमलेली दुपार

आज अख्खी दुपार भाचीबरोबर पुस्तकांत गेली. तिला अजून वाचता येत नाही, पण पुस्तक सरळ धरायचं, ओळीवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवायचं हे पक्कं ठाऊक आहे. मला तर वाटतं, वाचनाची सुरुवात इथूनच होते. बिनशब्दांचं चित्रपुस्तक उघडून "पुढे काय होईल गं?" एवढंच विचारलं, तर मांजर खिडकीतून का पळालं याची लांबलचक गोष्टच तिने रचली. मी मध्ये काही बोलले नाही, नुसती ऐकत राहिले.

मग 'म'ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधल्या. मोजा, माळ, मग... आणि एकदम, "माझ्या नावात पण म आहे!" काय फुलला होता चेहरा!

ट्रेमध्ये वाळू पसरून बोटाने ग, म, भ, न काढले. या अक्षरांची वळणं मिळतीजुळती, म्हणून हात पटकन बसतो. पेन्सिल नीट पेलण्याइतकी बोटं बळकट नसतात तोवर वाळू फार छान. बिघडलं की हात फिरवायचा, झालं!

आणि हो, तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर कंटाळू नका हं. शब्द आणि वाक्यांची लय अशीच मुरत जाते. तुमच्याकडे असे कुठले खेळ चालतात? नक्की सांगा, मला हवेच आहेत.