सर्व्हर बोर्डावरील चुकीचे तापमान सेन्सर: आतापर्यंतची नोंद

अंबड एमआयडीसीतील एका कारखान्याने मोडीत काढलेला दोन सॉकेटचा सर्व्हर बोर्ड इंदिरानगरच्या घरी सुरू केल्यापासून त्याचे पंखे अखंड पूर्ण वेगाने फिरत होते, आणि ४० मिलिमीटरचे सर्व्हरचे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले की शेजारच्या खोलीतही बोलणे कठीण होते. प्रोसेसर झिऑन ई५-२६०० व्ही३ मालिकेतील आहेत, मेमरी डीडीआर४ आहे आणि या दोन्हींत काही दोष नाही. मात्र बीएमसीच्या (बोर्डावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र चिपच्या) सेन्सर यादीतील दोन ओळी खटकत होत्या. बोर्डाचे तापमान सांगणारा ‘सिस्टिम टेम्प’ थंड बोर्डावरही ६० अंश दाखवत होता, आणि प्रोसेसरला योग्य व्होल्टेज पुरवणाऱ्या रेग्युलेटरच्या दुसऱ्या संचासमोर आकड्याऐवजी नुसते ‘एनए’, म्हणजे वाचन उपलब्ध नाही, असे येत होते.

अशा वेळी इशाऱ्याची मर्यादा वाढवणे किंवा वाचनातून ठरावीक आकडा वजा करणे, हे दोन उपाय लगेच सुचवले जातात. सेन्सरची चूक स्थिर आहे, तापमानाबरोबर बदलणारी आहे की अधूनमधून उसळणारी आहे, हे ठरल्याशिवाय यांपैकी काहीही करू नये, असे माझे मत आहे.

पहिल्या चाचणीला नाशिकची थंडी उपयोगी पडली. निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो, त्या दिवसांत खिडक्या उघड्या ठेवून यंत्र रात्रभर बंद ठेवले. यंत्र बंद असले तरी वीजजोडणी असेपर्यंत बीएमसी स्टँडबाय विजेवर जागा असतो, त्यामुळे दुसऱ्या संगणकावरून आयपीएमआयटूल या बीएमसीशी बोलणाऱ्या प्रोग्रामने बोर्डावरील सेन्सर वाचता येतात. प्रोसेसरचे तापमान तेवढे मिळत नाही, कारण ते प्रोसेसर चालू असतानाच कळते. पहाटे खोलीत १५ अंश होते. हवा आत येण्याच्या जागेच्या सेन्सरचे वाचन त्याच्या अगदी जवळ होते आणि ‘सिस्टिम टेम्प’ ६० वर ठाम होता.

त्यानंतर सेन्सरशेजारी मल्टिमीटरचे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून केस वाळवण्याच्या यंत्राने तो भाग हळूहळू ४० अंशांपर्यंत तापवला. बीएमसीचे वाचन ६९ झाले. म्हणजे प्रत्यक्ष वाढ २५ अंशांची, पण दिसलेली वाढ केवळ ९ अंशांची. येथेच ठरावीक आकडा वजा करण्याचा मार्ग बाद झाला: थंडीत बरोबर ठरेल असे ४५ अंश वजा केले असते, तर ४० अंशांचा बोर्ड २४ अंशांचा दिसला असता, आणि खरा धोका जसजसा वाढला असता तसतशी फसवणूकही वाढली असती.

या दाबलेल्या वाढीचा अर्थ थर्मिस्टरच्या गणितात सापडतो. बोर्डावर २५ अंशांना १० किलोओहम, बीटा (रोध तापमानाबरोबर किती बदलतो ते सांगणारा आकडा) ३४३५ असा एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापल्यावर रोध कमी होणारा सेन्सर, आहे. त्याचा रोध १५ अंशांना सुमारे १४.९ आणि ६० अंशांना सुमारे ३ किलोओहम असतो. प्रत्यक्षात १४.९ असताना बीएमसीला ३ दिसण्यासाठी त्याला समांतर सुमारे ३.७ किलोओहमची गळती हवी. हीच गळती धरून ४० अंशांचे गणित केले, तर उत्तर ६९ येते. दोन्ही वाचने एकाच गळतीने जुळल्यामुळे संशय पक्का झाला. सोल्डरला तडा जाऊन रोध एकसर जोडणीत वाढला असता, तर वाचन उलट खऱ्यापेक्षा थंड आले असते.

खात्रीसाठी थर्मिस्टर काढून ठेवला. सर्किट तुटल्यावर वाचन अगदी तळाला जायला हवे होते, पण बीएमसी शांतपणे ५३ अंश सांगत राहिला! सेन्सर टेबलावर आणि तापमान बोर्डावर, हा प्रकार पाहून हसू आवरले नाही. दोष थर्मिस्टरमध्ये नव्हता, हे मात्र त्यातून निर्विवाद ठरले. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करूनही फरक पडला नाही. त्याच्या पायांना समांतर असलेला सिरॅमिक कपॅसिटर काढताच वाचन तळाला गेले. बोर्ड वाकला की असे कपॅसिटर आतून तडकतात आणि गळू लागतात. त्यांच्यावर मूल्य छापलेले नसते, म्हणून शेजारच्या सेन्सरचा तसाच कपॅसिटर काढून मोजला आणि त्या मूल्याचा नवा एम. जी. रोडवरून आणला. थर्मिस्टर जुनाच परत बसवला.

‘एनए’ची ओळ मात्र दुरुस्त झालेली नाही. तो सेन्सर बीएमसीच्या अंतर्गत बसवर आहे, लिनक्समधून तेथे पोहोचता येत नाही, आणि त्याचे उत्तर न आल्यास बीएमसी पंखे पूर्ण वेगाने सोडतो. म्हणून रेग्युलेटरच्या हीटसिंकवर डीएस१८बी२० हा डिजिटल तापमान सेन्सर चिकटवून तो एका लहान मायक्रोकंट्रोलरला जोडला, आणि पंख्यांची पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग ठरवणारी, तार बोर्डाऐवजी त्याच्याकडे वळवली. वेग मोजणारी तार बोर्डावरच ठेवली आहे, अन्यथा बीएमसीला पंखे बंद पडल्यासारखे वाटले असते. चार तारांच्या पंख्यांत पीडब्ल्यूएमची तार मोकळी सुटली तर पंखा आपोआप पूर्ण वेग घेतो. त्यामुळे मायक्रोकंट्रोलर बंद पडला, तरी चूक सुरक्षित बाजूलाच होते. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि रेग्युलेटर यांपैकी ज्याची मागणी सर्वाधिक असेल तिच्यावर वेग ठरतो, सरासरीवर नाही. सर्व्हरकडून आकडे येणे थांबले, तर तार सोडून दिली जाते.

डीएस१८बी२० वीज मिळताच, मोजमाप होण्यापूर्वी, ८५ अंश हा आकडा देतो. मायक्रोकंट्रोलर पहिले वाचन टाकून देतो, पण नंतर पुन्हा ८५ आले तर त्याला खरे मानून पंखे पूर्ण वेगाने सोडतो. कमी वेगासाठी पंख्यांची खालची मर्यादा आयपीएमआयटूलने उतरवावी लागली, आणि या बोर्डावर बीएमसी पुन्हा सुरू झाला की ती मर्यादा पूर्ववत होते, म्हणून ती आज्ञा सर्व्हर सुरू होताना चालणाऱ्या सेवांमध्ये टाकली आहे.

वेगाच्या आलेखाचा वरचा भाग अजून तपासलेला नाही, कारण थंडीत रेग्युलेटर तेवढे तापतच नाहीत. मे महिन्यात दुपारी बाहेरचा पारा चाळिशीला टेकेल, तेव्हा दोन्ही प्रोसेसरांवर पूर्ण भार टाकून तो भाग बसवायचा आहे. तोपर्यंत रेग्युलेटर ७० अंशांच्या वर गेला की पूर्ण वेग, हा साधा नियम लागू आहे.