तुम्ही विचारलंत म्हणून: मेथडिस्टच ना, मग वेगळं चर्च कशाला?

मेथडिस्ट हा ख्रिस्ती धर्मातला एक प्रोटेस्टंट पंथ. मी यवतमाळकडची, फ्री मेथडिस्ट मंडळीतली, असं म्हटलं की पुण्या-मुंबईचे मेथडिस्ट हमखास विचारतात, तुम्ही आमच्यातूनच फुटलात ना, भांडण कशावरून झालं?

बाकांवरून! म्हणजे नुसतं तेवढंच नाही, पण मला तेच आधी आठवतं. १८५० च्या आसपास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात बऱ्याच मेथडिस्ट देवळांत बाकं भाड्याने द्यायला, विकायला लागले होते, पैसेवाल्यांचं कुटुंब ऐटीत आपल्या बाकावर आणि गरीब आला तर बसेल कुठेतरी मागे. देवळाचं कर्ज फेडायला पैसा लागतो हे कळतं हो, पण मेथडिस्टांचा मूळ पुरुष जॉन वेस्ली खाणकामगारांना उघड्यावर उपदेश करत फिरला आणि त्याच्याच लोकांनी हे करावं?

बेंजामिन टायटस रॉबर्ट्स हा तिथला पाळक गप्प बसेना. १८५७ मध्ये त्याने लेखच लिहिला, की आपले पुढारी पवित्रीकरणाची, म्हणजे देवाच्या कृपेने मन पापातून शुद्ध होतं ही वेस्लीची शिकवण सोडून भलतीकडेच चाललेत. झालं, ठपका बसला. पुढे तो लेख दुसऱ्याच माणसाने पत्रक करून छापला तर त्याचंही खापर याच्याच डोक्यावर, आणि १८५८ ला मंडळीतून हकालपट्टी. मग २३ ऑगस्ट १८६० ला पेकिन नावाच्या गावात (चीनचं नाही, न्यूयॉर्कमधलंच) फ्री मेथडिस्ट चर्च सुरू झालं. बाकं सगळ्यांना फुकट, गुलाम ठेवणाऱ्याला जागा नाही, मेसन लॉजसारख्या गुप्त मंडळांत जायचं नाही, कपडे साधे, दागिने नाहीत. उपासनेत वाद्यंसुद्धा नाहीत, हे कितीतरी दशकं चाललं, आणि इथे आमच्याकडे पेटी-तबल्याशिवाय गाणं उठत नाही, असो.

आपल्याकडे त्यांचे पहिले मिशनरी अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड १८८१ मध्ये आले, आधी बुऱ्हाणपूरला, यवतमाळचं काम नंतरचं.

मला रॉबर्ट्सचं सगळ्यात पटतं ते वेगळंच. बाईला पाळकाची दीक्षा द्या म्हणून तो शेवटपर्यंत भांडला, १८९१ ला त्यावर पुस्तक लिहिलं, तरी त्याच्या स्वतःच्याच चर्चने ऐकलं नाही. बाकं लगेच फुकट झाली, बायकांना पूर्ण दीक्षा मिळायला मात्र १९७४ उजाडलं. आणि ज्या मेथडिस्टांनी त्याला काढलं होतं त्यांनी १९१० मध्ये चूक मानून त्याची पाळकपदाची कागदपत्रं परत दिली, मुलाच्या हातात, कारण तो स्वतः १८९३ लाच वारला होता.