एक फुल, एक हाफ

नागपुरात धंतोलीत आमचं डीटीपीचं छोटंसं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक कूलर, जो सप्टेंबरात लावला तर अजूनच घाम येतो. मी नावाला ऑपरेटर. पण एका दिवाळी अंकाच्या संपादकांचे डोळे अधू झाल्यापासून प्रुफं वाचणं, कथा बसवणं, लेखकांशी भांडणं, सगळं माझ्याच गळ्यात पडलंय.

पितृपक्ष चालू होता. दुपारी फोन आला, साड्यांच्या दुकानाची दीड पान जाहिरात मिळाली, मधल्या फॉर्ममध्येच, म्हणजे एकत्र छापायच्या मधल्या पानांतच घ्या. तिथं एक कथा लावून झाली होती, सात पानं. आता ती साडेपाचात बसवायची. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून जाहिरातीपायी किती कथा कापल्या गेल्या असतील देव जाणे.

लेखिका एसटीत कंडक्टर. फोन केला तर ड्युटी संपवून गणेशपेठ स्टँडवरून थेट आल्या, खाकी ड्रेसवरच. कथा त्यांनी मोबाईलवर टाईप केलेली, ती आमच्या श्रीलिपी या डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना निम्मे रफार उडाले होते आणि ते एकेक करून मीच लावले होते, त्यामुळं कथा मला जवळपास पाठ होती. पहाटे अलार्म वाजतो, नायिका उठते, आरशात पाहते, चहा, डबा, सासूचं औषध, मग डेपो. इथंच दीड पान. मग रामटेकच्या गाडीत एक माणूस चढतो, मांडीवर फडक्यात बांधलेलं मडकं, त्यात बायकोच्या अस्थी, अंबाळा तलावात शिरवायला चाललाय. 'त्याच्या डोळ्यांत दुःखाचा अथांग सागर दाटून आला होता.' आणि मग दोन पानं जीवन म्हणजे काय, मृत्यू म्हणजे काय.

मी म्हटलं, ताई, सुरुवातीचं दीड पान काढू, जागा बरोबर होते. त्यांचा चेहरा पडला. "भाऊ, पण मग ती बाई कोण आहे हे कसं कळंल?"

याला उत्तर देत बसलो की तास जातो, हे मला माहीत आहे. माझी एक युक्ती आहे, ती मी नवीन लिहिणाऱ्या सगळ्यांवर वापरतो. प्रिंट उलटी ठेवली, चहा सांगितला आणि म्हटलं, कागदाकडं न पाहता मला सांगा बरं काय झालं ते, घरी सांगता तसं.

"काय सांगू, कामठीच्या अलीकडं मी तिकिटं फाडत मागं गेली, हा पन्नाशीचा माणूस, म्हणे एक फुल, एक हाफ, रामटेक. मी म्हटलं हाफ कोणाचं, पोरगं कुठंय? तर म्हणे पोरगं नाही, बाई आहे, बायकांना हाफच लागते ना आता. मी मागं पाहिलं, पुढं पाहिलं, बाई दिसेच ना. अन् मग त्यानं त्या मडक्यावर हात ठेवला."

मी चहा खाली ठेवला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते सगळ्यांनाच माहीत आहे. पण हे?

"हे कथेत कुठंय ताई?"

"नाही लिहिलं. हाफ तिकीट म्हटलं की लोक हसतील ना. अन् ऑडिटवाल्यानं वाचलं तर?" आणि स्वतःच हसल्या.

आता बघा, अलार्म नाही, आरसा नाही, सासू नाही, तोंडी सांगताना ही बाई सरळ कामठीच्या अलीकडं पोचली. बहुतेकांचं हेच होतं, बोलताना नेमकं कुठून सुरू करायचं ते कळतं आणि लिहायला बसले की पहाट उजाडते. आणि जे लिहायला लाज वाटते, लोक हसतील वाटतं, तेच नेमकं बाहेर ठेवतात आणि त्या जागी अथांग सागर ओततात. मी तर म्हणतो तो सागर एकदा कायमचा अंबाळ्यातच शिरवून टाकावा.

रात्री साडेनऊपर्यंत बसलो. त्या सांगत होत्या, मी टाईप करत होतो, मध्येच त्या भाषा सुधारायला लागायच्या, "मी गेली" चं "मी गेले" करा म्हणायच्या, मी नाही केलं. जीवन-मृत्यूची दोन पानं त्यांनीच काढायला लावली, पण हळहळत, एक वाक्य तर तीनदा परत घातलं. शेवटी कथा तिकिटावर थांबली. तिनं मशीनमधून दोन तिकिटं काढली, एक फुल, एक हाफ, आणि त्याच्या हातात दिली. पानं भरली साडेतीनच.

आणि गंमत म्हणजे दोन दिवसांनी ती साड्यांची जाहिरातच कॅन्सल झाली. मी फोन केला, ताई, आता साडेतीन पानं मोकळी आहेत, काय टाकायचं ते टाका, तुमची पहाट पण परत घेतो म्हटलं.

मागं बस स्टँडची अनाउन्समेंट चालली होती. थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत.

"एकच लाईन टाका भाऊ. त्यानं स्वतःचं तिकीट खिशात ठेवलं अन् हाफवालं फडक्याच्या गाठीत खोचलं."

टाकली. उरलेल्या जागेत एक पाहुणी कविता आणि चकल्या मऊ पडू नयेत म्हणून काय करावं ते लावलं.