मोहरी ओसरल्यावर वरोआला दिलेला शेक

फेब्रुवारीअखेर मुरैन्याकडची मोहरी ओसरते आणि आमच्या मधपेट्या ग्वाल्हेरला परततात. या वेळी पेट्यांपुढे चुरगळलेल्या पंखांच्या माश्या रांगत होत्या. नर पिल्लं वाढतात त्या मेणाच्या घरांची झाकणं उचकटली, तर पांढऱ्या कोषांवर तांबूस, चपटे वरोआ माइट, म्हणजे मधमाश्यांवर जगणारे बारीक परजीवी किडे!

दरवर्षी त्याच औषधाच्या पट्ट्या लावल्या की माइट त्याला दाद देईनासे होतात. माइटवर वापरतात ते ऑक्झॅलिक आम्ल पिल्लांच्या घरांच्या झाकणाआत पोचत नाही, आणि वरोआची वीण तर तिथेच होते. फॉर्मिक आम्ल आत पोचतं, पण आपल्या उन्हाळ्यात ते राणीच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून मी शेक द्यायचं ठरवलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा हे किडे का नाही मरत?" प्रश्न अगदी रास्त आहे. बाहेर कितीही तापलं तरी माश्या पाणी आणतात, पंखांनी वारा घालतात आणि पिल्लांच्या फ्रेमा (पोळ्याच्या चौकटी) ३४-३५ अंशांवर राखतात. त्यांची ही मेहनत पाहिली की मन भरून येतं. पण तीच ऊब माइटलाही मानवते.

म्हणून झाकलेल्या घरांच्या फ्रेमा तेवढ्या काढल्या, त्यांवरच्या माश्या ब्रशने पेटीतच झाडल्या. राणी पेटीतच आहे ना, हे आधी डोळ्यांनी पाहिलं. थर्माकोल लावलेल्या लाकडी खोक्यात हीटर, छोटा पंखा, थर्मोस्टॅट आणि हवा कोरडी पडू नये म्हणून पाण्याची थाळी ठेवली. पारा ४० ते ४२ अंशांत दोन तास टिकवायचा. त्याखाली माइट तगतात, त्यावर पिल्लं दगावतात. खोक्यातल्या हवेचं तापमान फसवं असतं, म्हणून थर्मामीटरचं टोक मधल्या दोन फ्रेमांच्या बेचक्यात ठेवलं आणि तिथून हललो नाही.

या दोन तासांचा आणखी एक उपयोग आहे. पेटीत तेव्हा झाकलेलं घर एकही नसतं, म्हणजे उरलेले सगळे माइट माश्यांच्या अंगावर, उघड्यावर. साखरेच्या पाकातलं ऑक्झॅलिक तेव्हाच, संध्याकाळच्या गारव्यात, फ्रेमांमधल्या फटींत सोडलं.

शेकानंतर काही झाकणं उघडून पाहिली. माइट निपचित, कोष शुभ्र.

नरांच्या घरांना मात्र शेक देत नाही, ती कापूनच टाकतो. वरोआची सर्वाधिक गर्दी तिथेच असते, शिवाय उष्णतेने नराचं बीज कमजोर होतं.