मुधोळ घेऊ काय लॅब? तुम्ही विचारलंत म्हणून

"काकू, मुधोळ घेऊ काय लॅब?" परवा एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या मुलाने हातातला घास तसाच ठेवून विचारलं. बेळगावजवळच्या आमच्या घरात मुधोळ आणि लॅब्रेडॉर, दोन्ही जातींची कुत्री वाढली, हे गावाला माहीत आहे. म्हणून हा प्रश्न मला वर्षात कितीदा तरी येतो. पंगतीत नीट बोलता आलं नाही, ते इथे लिहिते.

मी आधी उलटं विचारते: सकाळी अकरा वाजता तुमच्या घरात कोण असतं? सकाळची धावपळ संपलेली असते, पोरं शाळेत गेलेली असतात. त्या वेळी घरात जे माणूस असतं, कुत्रं खरं तर त्याचं होतं. पुष्कळदा त्या माणसाला कुणी विचारलेलंच नसतं.

आमची हरणी मुधोळ. पुढचे पाय लांब टाकून, मान ताठ ठेवून उंबऱ्यावर बसायची. कातडीखालच्या बरगड्या मोजता यायच्या, आणि निवांत पडली असली तरी छातीचा ठोका बाहेरून दिसायचा. पाहुणे आले की विचारणार, "वहिनी, खायला घालत नाही काय हिला?" ज्वारीची भाकरी, दूध, उकडलेली अंडी, सगळं दोन वेळ मिळत होतं. ही जात अशीच दिसते आणि अशीच दिसायला हवी. प्रेमापोटी तिला जाड करू नका.

एका दुपारी शेजारच्या परड्यात कोंबडी फडफडली. हरणीच्या अंगातून एक थरथर गेली आणि मी "हरणी!" म्हणेपर्यंत ती कुंपणापलीकडे होती. कोंबडी वाचली नाही. पैसे देऊन आले, तरी शेजारीण पंधरा दिवस बोलली नाही. तिचा राग मला कळत होता, पण हरणीला मी मारलं नाही. हे नजरेवर शिकार करणारं कुत्रं. समोर काही पळताना दिसलं की त्याचे पाय सुटतात. सशांमागे पळवून पळवूनच ही जात घडली आहे. हाकेला येतं काय, असं विचारतात. येतं, पण समोर काही पळत नसेल तेव्हा. म्हणून रस्त्यावर पट्टा सोडायचा नाही, कितीही शहाणं असलं तरी.

आपल्याकडे मुधोळ हवं असतं ते बरेचदा अभिमानापोटी. तो मलाही आहे. मुधोळ हे गाव शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली. आपली जुनी माणसं हिला कारवान म्हणतात. 2005 साली टपाल तिकिटावर ती आली, पुढे लष्करानेही पिल्लं नेली. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. घ्यायचंच ठरलं तर आधी तिथे जाऊन मोठी कुत्री पळताना बघा. ते पळणं बघितलं की दोन खोल्यांत या जिवाचं काय होईल हे सांगावं लागत नाही. परक्याने अंगाला हात लावलेला हरणीला खपायचा नाही. आमच्या घरात मात्र माझ्या सासूबाईंच्या पायाशी ती तासन् तास आवाज न करता पडून असायची.

भुऱ्या लॅब्रेडॉर. त्याला सगळं जग आपलं वाटायचं. पोरांनी कान ओढले तरी शेपटी हलतीच. पण लॅब म्हणजे सोपं कुत्रं, हा समज काढून टाका. एक तर भूक. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल सापडला. मला ते वाचून भुऱ्या कळला. गच्चीवर वाळत घातलेल्या शेंगा त्याने टरफलासकट खाल्ल्या होत्या. दोन दिवस सलाईन लावून बसलो. वजन वाढलं की मागचे पाय जातात, आणि या जातीचे खुब्याचे सांधे आधीच नाजूक. घरातल्या प्रत्येकाने "एवढुसं" दिलं की दिवसाला दोन पोळ्या जास्त होतात. दुसरं, केस. ही जात न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यातली, अंगावर केसांचे दोन थर. बेळगावच्या हवेत निभतं. पण अथणीला मावशीकडे मे महिन्यात भुऱ्या न्हाणीघराच्या ओल्या फरशीवरून उठेना. तिकडे राहत असाल तर फिरवणं सूर्य उगवायच्या आत आणि दिवस मावळल्यावरच. उलट खानापूरच्या पावसात मुधोळ कुडकुडतं. हरणीला आषाढात घोंगडं लागायचं. गोचीड दोघांनाही, ते रोज बोटांनी बघायचे, कानाच्या आत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात.

आणि पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आणू नका. भुऱ्या दोन महिन्यांचा आहे असं सांगून आम्हाला विकला होता. डॉक्टरांनी दात बघितले नि म्हणाले, पाच आठवड्यांचाही नसेल. पहिला महिना मी रात्री उठून त्याला भरवलं. आईपासून इतक्या लवकर तोडलेलं पिल्लू, तेव्हाचं त्याचं रडणं अजून आठवतं.

आता त्या मुलाचं. टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, नवरा-बायको दोघं नोकरीला, चार वर्षांची मुलगी. अकरा वाजता घरात फक्त आई, गुडघेदुखीने जिना जपून उतरणारी. बाळा, तुझ्या घरात मुधोळ नको. लॅबचं पिल्लूही नको. वर्षभरात ते तीस किलोचं होईल आणि पट्टा आईच्या हातात येईल. कुणी शहर सोडून जाताना तीन-चार वर्षांची शांत लॅब मादी द्यायला तयार असेल, तर तिला घे. पहाटे एक तास, संध्याकाळी एक तास तू स्वतः. तेवढं जमत नसेल तर मुलगी मोठी होईपर्यंत थांब. आणि काहीही ठरवायच्या आधी आईला विचार.

ज्यांचं शेतात घर आहे, घरात दिवसभर माणूस आहे, त्यांनी मुधोळ जरूर आणावं. फक्त आधी कुंपण बघा. आमचं पाच फुटांचं होतं. हरणीने त्या दुपारी ते उभ्या उभ्या ओलांडलं, मागे पळून जोर घ्यावासुद्धा लागला नाही.