गच्चीवर बुटका टमाटर: बियांपाशी अडलेला माझा अनुभव

माती, कुंड्या, शेणखत यातलं काहीच अडत नाही. नागपुरात अडतं ते बी मिळण्यापाशी. बी विकणाऱ्या त्या दुकानासमोरून गेले की अजूनही माझं डोकं तापतं.

मला टमाटरची खरी बुटकी जात हवी होती. जाड बुंधा, गडद हिरवी सुरकुतलेली पानं, उंची तीन-चार फूट, आणि तरी मोठी फळं महिनोन् महिने देणारं झाड. 2005 च्या सुमारास अमेरिकेतले क्रेग लेहुलिए आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नस्क स्मॉल यांनी हौशी बागवाल्यांना सोबत घेऊन अशा जाती घडवायचं काम सुरू केलं. आमच्या छोट्या गच्चीला तेच हवं होतं.

दुकानात 'ड्वार्फ' छापलेलं पाकीट मिळालं. "हौ नं ताई, बुटकंच आहे ते." सप्टेंबरात पेरलं. डिसेंबरात झाडं माझ्या डोक्याच्या वर! जाब विचारायला गेले, तर उत्तर मिळालं, "कुंडी मोठी असंल तुमची, म्हणून वाढलं." कुंडीनं जात बदलते होय? पाकीट पुढे केलं. त्यावर उगवणशक्ती, शुद्धता, वापरायची मुदत, सगळं टक्क्यांसकट. उंचीबद्दल अवाक्षर नाही. "उगवलं नं? मग बी चांगलंच होतं," म्हणून गडी मोकळा.

वर दुसरं पाकीट हातात दिलं, "हे कमरेच्या वर जात नाही." ते खरंही निघालं. पण ती ठरावीक वाढीची, म्हणजे एका उंचीला वाढ थांबणारी संकरित जात होती. फळं दोन-तीन आठवड्यांत एकदमच पिकली आणि झाड संपलं. दुकानदाराच्या लेखी बुटकं ते बुटकं. खरं बुटकं झाड मात्र हळूहळू का होईना, वाढतच असतं. त्याच्या दोन पेरांमधलं अंतर कमी, म्हणून ते आखूड दिसतं.

संताप पैशांचा नाही, पाकीट ते केवढ्याचं! पण आपल्याकडे टमाटरचा बरा हंगाम एकच. पाकीट चुकलं की वर्ष गेलं. मार्चनंतर फुलं येतात आणि गळतात. दिवसाचा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रही गरम असली की पराग नीट काम करत नाहीत. हिरवी जाळी लावा, नाहीतर दिवसातून तीनदा पाणी घाला, मे महिन्यात फळ धरत नाही.

पुतण्या म्हणाला, अमेरिकेतून पाकिटात घालून पाठवतो. नको म्हटलं. पेरणीचं बी परदेशातून आणायचं तर आयात परवाना आणि तिथल्या कृषी खात्याचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं.

शेवटी बी मिळालं ते स्वतः बी धरणाऱ्या एका बागवालीकडून, माझ्याकडच्या वालाच्या बियांच्या बदल्यात. या वेळी फळांची वाट पाहत बसले नाही. उगवतानाची जोडपानं सोडून खरी तिसरी-चौथी पानं आली की रोपं शेजारी-शेजारी ठेवून बघायची. बुटक्याचं पान जाड, चुरगळल्यासारखं आणि काळपट हिरवं असतं. लांबट, सपाट पानांची रोपं तिथेच बाजूला काढा. बुटकेपणाचा गुण अप्रभावी, म्हणजे उंचपणाच्या गुणापुढे दबून जाणारा असल्यामुळे बुटक्याचा उंच जातीशी संकर झाला, की पुढची पिढी उंचच निघते.

हो, पानं आकसलेली दिसली म्हणून घरच्यांनी बोकड्या (पानं आकसण्याचा विषाणूजन्य रोग) समजून माझी रोपं उपटायला घेतली होती! बोकड्यात पान पिवळं पडून वर वळतं, शेंडा खुंटतो आणि पांढरी माशी दिसते. बुटक्याचं पान गडद आणि टवटवीत असतं.

बाकी सगळं सोपं. वीस लिटरची बादली, खाली भोकं, एक काठी. पाण्यात खाडे नकोत, नाहीतर फळाचं बूड काळं पडतं. सकाळी फुलांच्या घोसाला टिचकी मारा.

पहिलं चांगलं पिकलेलं फळ भाजीत टाकू नका, बियांसाठी ठेवा. गर दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवा. मी पाकिटं भरून ठेवलीत. त्यांवर पानाचं वर्णन आणि उंची, दोन्ही लिहिलंय.