पिल्लू आणताय? दोन महिने होऊ द्या ना

आमच्या पार्किंगमधल्या काळी नावाच्या कुत्रीला दिवाळीनंतर पाच पिल्लं झाली आणि तिसऱ्या आठवड्यातच विचारणा सुरू, तो पांढऱ्या पायांचा आम्हाला द्या, मुलं मागे लागलीत. अहो, डोळे उघडून त्याला जेमतेम आठवडा झालेला! मी सगळ्यांना एकच सांगतेय, आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू मिळणार नाही.

एवढं ठासून सांगते कारण आमची राणी आम्ही ३२ दिवसांची असताना विकत आणली होती. दूध सुटलंय, सगळं खाते, असं विकणाऱ्याने सांगितलं आणि आम्ही विश्वास ठेवला. रात्र रात्र रडायची, गाईचं दूध दिलं तर जुलाब. पण सगळ्यात त्रास झाला तो चावण्याचा, खेळता खेळता इतक्या जोरात धरायची की लेकीच्या हातातून रक्त यायचं, आणि हे कितीतरी महिने चाललं.

ते का, हे मला आत्ता काळीच्या पिल्लांकडे बघून नीट कळलं. परवा एकाने दुसऱ्याचा कान कचकन धरला, ते केकाटलं आणि खेळ सोडून सरळ निघून गेलं, चावणारं तिथेच बघत उभं. दूध पिताना दात लागले की काळी गुरगुरते, उठून जाते. किती जोरात चावलं की दुखतं हे असं दिवसातून वीस वेळा शिकतात ती. राणीला हे शिकवायला कोणी नव्हतंच, आम्ही तिला त्या शाळेतून आधीच उचललं होतं.

खाण्याचंही तसंच, तीन-चार आठवड्यांना भिजवलेलं पपी फूड चाटायला लागतात, पण दूध पूर्ण सुटायला सात-आठ आठवडे जातातच. पहिली लसही सहा ते आठ आठवड्यांत होते, जंताचं औषध त्याआधीच सुरू करायचं. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरला बंदी आहे, हे राणीला आणताना आम्हाला माहीतच नव्हतं.

आई गेलेली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा व्हेटना विचारून वाढवावंच लागतं. पण धडधाकट आई समोर असताना कशाला घाई? हां, माणसांची सवय मात्र आत्ताच लावायची, साधारण तीन ते बारा आठवड्यांत जे बघतात त्याची त्यांना भीती राहत नाही. म्हणून ज्यांना पिल्लू हवंय त्यांना मी रोज संध्याकाळी खाली बोलावते. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा तर न चुकता येतात, पांढऱ्या पायांचा त्यांच्या चपलेवरच झोपतो. त्याला अजून तीन आठवडे आहेत.